राक्षसाचे वाढीव प्राण

मार्लिसने तो कागद माझ्यापुढे सरकवला तेव्हा जानेवारीतला दुसरा शनिवार होता आणि वाचनालयाच्या तळघरातला हीटर नेहमीसारखा ठणठणत होता. कागदावर चार तारखा होत्या. प्रत्येक तारखेपुढे लढाई किती वाजता सुरू झाली, किती वाजता संपली आणि मध्ये किती फेऱ्या झाल्या ते लिहिले होते. दोन तास पन्नास मिनिटे, पाच फेऱ्या. दोन तास चाळीस, सहा फेऱ्या. सगळ्यात खाली तिने बेरीज केली होती. आमच्या खेळात एक फेरी म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. त्या हिशेबाने डिसेंबरचे चारही शनिवार मिळून आम्ही गोष्टीतली जेमतेम सव्वादोन मिनिटे जगलो होतो.

मार्लिस कुबियाक एकतीस वर्षे दूध संघात दूध तपासत होती. निवृत्त झाल्यावरही तिला काहीतरी मोजल्याशिवाय चैन पडत नाही. तिने माझ्यावर कसलाही आरोप केला नव्हता. तिने फक्त मोजले होते. तरी माझे कान तापले.

ड्वेनने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला की एवढ्या वेळात तो तालुक्याच्या हद्दीपर्यंत बर्फ काढून परत येतो, वाटेत कॉफीला थांबूनसुद्धा. ड्वेन टेश सरकारी बर्फगाडी चालवतो. हिवाळ्यात त्याचा फोन टेबलावर उताणा पडलेला असतो. तो वाजला की ड्वेन उठणार. तो वाजेल की काय म्हणून मीही दर दोन मिनिटांनी त्याच्याकडे बघत असतो.

आमचा खेळ साधा आहे. टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने गोष्टीतला एकेक माणूस व्हायचे. मार्लिस एक चिडकी मांत्रिकबाई आहे, ड्वेन सध्या एक कुऱ्हाडवाला आहे, शांटेल इस्मा नावाची तिरंदाज आहे. मी उरलेले सगळे जग असतो: राक्षस, राण्या, खाणावळीची मालकीण, पाऊस. म्हणून ते मला मास्तर म्हणतात. माझ्यासमोर पुठ्ठ्याचा एक आडोसा उभा असतो आणि त्याच्यामागे माझी वही. लढाई जुंपली की फासे पडतात, घाव लागतात. प्रत्येक राक्षसाचे प्राण आकड्यात ठरलेले असतात, कुणाचे चाळीस, कुणाचे नव्वद. घावांची बेरीज तिथे पोचली की राक्षस मेला. हा आकडा फक्त माझ्या वहीत असतो.

"मागच्या शनिवारी माझी पाळी पाचदा आली," शांटेल म्हणाली. "त्यातल्या दोन वेळा मी बेशुद्ध पडलेली होते."

"तू बेशुद्ध छान पडतेस पण," ड्वेन म्हणाला.

ती हसली नाही. शांटेल एकोणतीस वर्षांची आहे, वृद्धाश्रमात काम करते. शनिवारी तिची पाळी पाचला सुरू होते, म्हणून चारच्या ठोक्याला ती निघते. तिच्या इस्माचा भाऊ हरवला आहे आणि गेले सात महिने ती त्याला शोधते आहे. म्हणजे शोधायला बसते. तेवढ्यात कुठून तरी काहीतरी दात विचकत येते आणि चार वाजतात. शेजारच्या गावातल्या खेळांच्या दुकानात शनिवारीच एक टेबल भरते, असे तिने सांगितले. तिथे लढाई अर्ध्या तासात उरकतात आणि बाकीचा वेळ बोलतात. तिथे एक खुर्ची रिकामी आहे. पुढच्या शनिवारी ती येईल, त्यानंतरचे तिने ठरवलेले नाही. हे सांगताना ती माझ्याकडे नाही, फाशांच्या पिशवीकडे बघत होती. तिला वाईट वाटत होते हे मला दिसले, आणि त्यामुळे मला जास्तच वाईट वाटले.

वाचनालयाचा नियम असा आहे की तळघराची खोली हवी असेल तर दर महिन्याच्या कागदावर निदान चार सह्या लागतात. गोधड्या शिवणाऱ्या बायका ऑक्टोबरपासून त्या खोलीसाठी नाव लावून बसल्या आहेत. एकेकाळी आम्ही नऊ जण होतो. कुणी मुलांकडे राहायला गेले, कुणी उबेच्या शोधात ॲरिझोनाला, दोघे वारले. आता आम्ही बरोबर चार आहोत. मी अडतीस वर्षे बियाण्यांच्या सूचीची मुद्रिते तपासली. त्या कामात आठवड्याला वीस शब्द बोललो तरी भागायचे. निवृत्तीनंतर शनिवारचे साडेतीन तास सोडले तर माझ्याशी कुणाला बोलण्याचे काही कारण नाही. तक्रार करत नाही. पण ती खोली गेली तर माझे काय उरते याचा विचार मी त्या रात्री करायला नको होता, आणि केला.

मग मी वाचायला बसलो. लढाया का लांबतात यावर माझ्यासारख्या रिकामटेकड्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. प्रत्येकाला पाळीसाठी मोजका वेळ द्या. नेम आणि घाव यांचे फासे एकदम टाका. पुढचा कोण ते आधीच पुकारा. निम्मे प्राण गेले की राक्षसाला पळवून लावा. मी सगळे उपाय सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले, त्यांना क्रमांक दिले, दोन ठिकाणी लेखकाच्या शुद्धलेखनाच्या चुकाही दुरुस्त केल्या. बुधवारपर्यंत माझ्याजवळ अकरा उपाय होते आणि त्यातला एकही माझ्या रोगावरचा नव्हता. ते मला सोमवारीच कळले होते.

खरे असे की आमच्या लढाया मी लांबवतो.

नऊ वर्षांपूर्वी ड्वेनच्या एका नशीबवान फाशाने माझा मोठा राक्षस पहिल्याच फेरीत लोळवला. तो राणीला धरून बसला होता. आता राणीने बोलायचे होते आणि राणी मी होतो. मी तिचे भाषण तीन पाने लिहून आणले होते. मी आडोशावरून मान वर केली. आठ माणसे माझ्याकडे बघत होती. माझा घसा असा आवळला की पानावरचे शब्द दिसेनात. किती वेळ गेला कुणास ठाऊक, शेवटी मी म्हणालो, "ती आभार मानते." ते हसले. वाईट हेतूने नाही हसले, पण अजून अडीच तास शिल्लक होते आणि ते मी कसे काढले ते मला आठवत नाही.

लढाईत तसे होत नाही. लढाईत कुणाची पाळी, किती लागले, किती उरले, एवढेच बोलायचे असते, आणि ते मला येते. पुढच्या वेळी एक राक्षस मरायला आला तेव्हा घड्याळात अडीच वाजले होते. मी वहीतला पन्नासचा आकडा खोडला आणि सत्तर लिहिला. कुणालाच कळले नाही. तो चारला दहा कमी असताना मेला, सगळे खूश झाले, आणि पुढच्या शनिवारी मी सुरुवात केली ती अशी: गावकऱ्यांनी तुमचे आभार मानले आहेत आणि तुम्ही रस्त्याला लागला आहात. तेव्हापासून हेच चालले आहे. मी मुद्रितशोधक माणूस. खोडाखोडीची नोंदसुद्धा नीट ठेवतो. जुना आकडा, नवा आकडा, फेरी, तारीख.

पुढच्या शनिवारी मी अंडी उकडण्याचे तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ घेऊन गेलो. फेब्रुवारीचा सह्यांचा कागद हीटरजवळच्या कपाटावर ठेवलेला होता. बाहेर बर्फ पडण्याच्या बेतात होते. ड्वेन एका हाताने फोन आणि दुसऱ्याने फासे हलवत होता. मार्लिसने वहीचे नवे पान काढले. शांटेलने अंगातला कोट काढला नव्हता.

गोष्ट अशी होती. नदीवर पूल, पुलाखाली दगडी कातडीचा राक्षस, त्याने एका म्हाताऱ्या नावाडणीला कोंडून ठेवलेले. इस्माच्या भावाला शेवटचे पाहिले ते या बाईने. लढाई एक वीसला जुंपली. वाळू सुरू केली आणि मला वाटले होते त्यापेक्षा खेळ फारच भराभर चालला. ड्वेन पूर्वी आपल्या पाळीला उठून कुऱ्हाड फिरवून दाखवायचा, आता बसल्या बसल्या फासा टाकून मोकळा. मार्लिसचा मंत्र वाळू निम्मी असतानाच बोलून झाला. या राक्षसाचे प्राण नव्वद होते. तिसऱ्या फेरीत शांटेलचा बाण लागला आणि वहीत बेरीज झाली त्र्याण्णव. घड्याळात दहा कमी दोन.

दहा कमी दोन. चार वाजायला दोन तास दहा मिनिटे. मी नव्वद खोडले आणि एकशे तीस लिहिले. विचार करून लिहिले असे म्हणता येणार नाही. हात आपोआप गेला.

"लागला, पण अजून उभा आहे," मी सांगितले. शांटेलने मान हलवली आणि तिचा फासा बोटांत फिरवत राहिली. चौथी फेरी झाली, पाचवी झाली. हीटर ठणठणत होता. ड्वेनने फोन उचलून पाहिला, ठेवला, पुन्हा उचलला. इस्माला एक घाव बसला, मग आणखी एक, आणि पुन्हा एकदा ती बेशुद्ध पडण्याच्या बेताला आली. शांटेलने कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. ते मी पाहिले, पण आकडा तसाच ठेवला.

दोन वीसला मार्लिसने पेन खाली ठेवले.

"ऑरिन, ऑक्टोबरमध्ये आपण धरणावर एक असाच मारला होता. तू म्हणाला होतास हा त्याचा जुळा भाऊ."

मी म्हणालो होतो.

"तो नव्वदला मेला. हा एकशे एकवीसवर आहे आणि अजून नाचतोय." ती शांतपणे बोलत होती. दूध संघात ती अशीच बोलत असणार. "मी एकतीस वर्षं दूध तपासलं. कुणाच्या कॅनमध्ये किती पाणी आहे ते मला वासावरून कळायचं. यात पाणी आहे."

मला एक वाक्य पुरले असते. हा भाऊ थोरला आहे. याने जादूचे काहीतरी खाल्ले आहे. मास्तरने असे म्हटले की कुणी हरकत घेत नाही, तसा रिवाजच आहे. मी तोंड उघडले आणि माझे लक्ष शांटेलच्या कोटाकडे गेले.

"तो तिसऱ्या फेरीत मेला," मी म्हणालो. "शांटेलच्या बाणानं. मी प्राण वाढवले."

"आज?" शांटेलने विचारले.

"आज. आणि नेहमीच."

मी त्यांना सांगितले. राणीचे, तीन पानांचे, घशाचे. आडोशामागून सांगितले, त्यामुळे अर्धे त्यांना ऐकू आले नसेल. मार्लिस मध्येच म्हणाली की आडोसा बाजूला कर, नाहीतर पुठ्ठ्याशी बोलल्यासारखं होतंय. मी तो मिटला. माझी वही सगळ्यांसमोर उघडी पडली, खोडलेल्या आकड्यांसकट.

ड्वेनने हात लांब करून वही स्वतःकडे ओढली आणि मागची पाने चाळू लागला. तो काय शोधतो आहे हे मला समजले आणि मला तिथून उठून जावेसे वाटले.

सहा वर्षे तो ग्रुंडी नावाचा एक ठेंगणा लढवय्या होता. शिवराळ, उधळ्या, दाढीत पावाचे तुकडे अडकलेला. गेल्या मे महिन्यात दलदलीतल्या अजगराने त्याला मारले. आमच्याकडे दफनविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅम भरलेले बन खायला घालतात, तसे आमच्या टेबलावर ज्याचा वीर मेला त्याने बन आणायचे असतात. ड्वेन दोन डझन घेऊन आला होता. विनोद करत होता, पण ग्रुंडीचा कागद त्याने टेबलाच्या मधोमध ठेवला होता आणि त्यावर कुणाला कपबशी ठेवू देत नव्हता.

त्याला पान सापडले. एकशे चाळीस खोडलेले, एकशे नव्वद लिहिलेले.

"पाचव्या फेरीत एकशे चाळीस झाले होते," तो म्हणाला. "ग्रुंडी आठव्या फेरीत मेला."

"हो."

"म्हणजे अजगर आधीच मेलेला होता."

"हो, ड्वेन."

"तू तीन बन खाल्लेस, ऑरिन."

नेहमीसारखे मास्तर नाही, तुम्ही नाही. त्याने वही बंद करून माझ्याकडे सरकवली, कोट घेतला आणि जिना चढून गेला. त्याचे फासे तसेच टेबलावर राहिले. तळघराच्या खिडक्या छताजवळ आहेत, तिथून बाहेरचे फक्त जमिनीलगतचे दिसते. त्याच्या ट्रकची दोन चाके दिसत होती. ट्रक सुरू झाला, धूर निघू लागला. चाके हलली नाहीत.

मी सामान गोळा करायला लागलो. घाईत वाळूचे घड्याळ पडले, फुटले नाही.

"काय करताय?" शांटेलने विचारले.

मला वाटले संपले, मी म्हणालो.

"अडीच वाजलेत. मला चारला निघायचंय." तिने कोटाची चेन खाली ओढली. ती रागावलेली होती, आवाजात स्पष्ट होते. "माझ्या बाणानं राक्षस मेला ना? मग मी पुलाखाली जाते. दार तोडते. म्हातारी कुठाय?"

भाषण मी लिहून आणलेच नव्हते. गरजच पडणार नव्हती. मी म्हणालो की म्हातारी कोपऱ्यात बसलेली आहे. मग शांटेल थांबली, मार्लिस थांबली, हीटरसुद्धा त्याच वेळी बंद पडला. मी खिडकीकडे पाहिले. चाके तिथेच होती.

"तिला बोलता येतं का?" शांटेल म्हणाली.

"येतं," मी म्हणालो. "पण बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नाही."

हे माझ्या तोंडून गेले तेव्हा मी नावाडीण म्हणून बोललो की मी म्हणून, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. शांटेलने मात्र ते म्हातारीचेच धरले आणि विचारले, नाव काय तुझं आजी. मला नाव सुचेना, म्हणून म्हातारी म्हणाली की नाव राहू दे, आधी पाणी दे. मार्लिसच्या मांत्रिकबाईने पाणी दिले आणि खडसावले की सावकाश पी. मग इस्माने भावाचे विचारले. म्हातारीला फारसे माहीत नव्हते, कारण मलाच माहीत नव्हते. एक तरुण आला होता, पाय भिजलेले, सारखा मागे वळून बघत होता. पैसे नव्हते म्हणून त्याने वल्ही मारली. वल्ही मारता येत नव्हती. नाव तीनदा गोल फिरली. शांटेल एकदम हसली आणि म्हणाली, हा माझाच भाऊ.

माझा आवाज मधेमधे बसत होता. काही ठिकाणी मी नुसतेच ओठ हलवले असतील. एकदा म्हातारी सांगता सांगता थांबली आणि मला पुढचे येईना, तेव्हा त्या दोघीही थांबल्या. कुणी फासे खुळखुळवले नाहीत. मी दर थोड्या वेळाने खिडकीकडे पाहत होतो. बर्फ सुरू झाले होते. चाके पांढरी होत होती.

चारला पाच कमी असताना शांटेल उठली. कपाटावरचा सह्यांचा कागद तिने स्वतःच आणला, खाली दाबून सही केली आणि मला म्हणाली, "झालं गेलं ते मी विसरलेली नाहीये. पण तो कुठल्या काठाला उतरला ते मला पुढच्या शनिवारी हवंय." मार्लिसने सही केली. मी केली. चौथी ओळ रिकामी राहिली.

शांटेल गेली आणि पाच मिनिटांत जिन्यावर बुटांचा आवाज आला. ड्वेन फासे न्यायला आला होता. फोन आला आहे, बर्फगाडी काढायची आहे, असे त्याने मार्लिसला सांगितले. माझ्याकडे बघितले नाही. फासे एकेक करून पिशवीत टाकत राहिला.

मी म्हणालो, ग्रुंडीला परत आणता येईल. आकडे वहीत आहेत. पाचव्या फेरीला तो जिवंत होता, तिथून धरता येईल.

"नाही," तो म्हणाला. "मेला तो. मी त्याच्या नावानं बन वाटलेत." पिशवीची दोरी त्याने ओढून बांधली. मग विचारले, "म्हातारी बोलली का?"

"एक तास वीस मिनिटं," मार्लिस म्हणाली.

"चांगलं बोलली?"

मार्लिसने पेनाला टोपण लावले. "अडखळत. पण खरं वाटलं."

ड्वेन कागदाकडे बघत उभा राहिला. फोन पुन्हा थरथरला. त्याने खिशातून सुताराची चपटी पेन्सिल काढली, चौथ्या ओळीवर नाव लिहिले आणि म्हणाला की या वेळी बन तू आणायचेस, चार डझन, आणि तो येईलच असे त्याने अजून म्हटलेले नाही. मग तो गेला.

मी कागद वर नेऊन दिला. वाचनालयातल्या बाईंनी चष्मा वर करून पाहिले आणि ही एक सही पेन्सिलीची आहे, म्हणाल्या. नियम शाईचा आहे. माझ्या खिशाला लावलेले पेन त्यांना दिसत होते. वरून गिरवून द्या, एवढेच तर आहे, असे त्यांनी सुचवले.

मी सांगितले की ती सही माझी नाही, मला ती गिरवता येणार नाही. चालत नसेल तर खोली गोधडीवाल्यांना द्या. एवढे लांब वाक्य मी त्या बाईंशी पूर्वी कधी बोललो नव्हतो, त्यामुळे त्याही जरा गोंधळल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, कागदाकडे पाहिले आणि तो तसाच ड्रॉवरमध्ये टाकला. मी बाहेर आलो. ट्रकची जागा रिकामी होती आणि तिच्यावर बर्फ साचायला लागले होते.